जात नाही, साहेब

परवा मी सकाळपासून तिसऱ्यांदा गॅसवाल्याला फोन लावत होते, तेव्हा सून म्हणाली, "आई, तेच तेच करून कधी वेगळं काही होतं का?" चौथ्यांदा त्यानं फोन उचलला, ते सोडा. पण तिचं बोलणं ऐकून मला डबीरबाई आठवल्या. हा प्रश्न त्यांना विचारायची आमच्या अख्ख्या शेडमध्ये कोणाची छाती नव्हती. एका तिवारीनं विचारला होता, पण तो नवा होता.

जबलपुरात लष्करी सामानाची फॅक्टरी म्हटलं की चारपाच नावं पुढं येतात. आमची कोणती ते मी सांगणार नाही. बाहेर काही बोलणार नाही, अशी सही तेव्हा आमच्याकडून घेतलेली होती आणि म्हातारी झाले तरी मला तिची धास्ती वाटते. मी तपासणी विभागात टायपिस्ट होते. वडील आजारपणामुळे रेल्वेतून वेळेआधीच घरी बसले, म्हणून बी.ए. झाल्या झाल्या मी लागले. शेडच्या एका टोकाला काचेची केबिन होती. तिच्यात विभागाचे प्रमुख बल्लाळसाहेब बसत आणि केबिनच्या दाराबाहेर माझं टेबल होतं. समोर तपासनिसांची रांग, आणि त्या रांगेत खिडकीकडून तिसऱ्या जागी डबीरबाई.

ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. पांढरी सुती साडी घट्ट खोचलेली, पायांत कॅनव्हासचे बूट, हातांत बांगडी नाही. मशीनपाशी बांगडी चालत नसे, आणि तशीही त्यांची गेलेलीच होती. नवरा याच फॅक्टरीत फिटर होता, तो विषमज्वरानं गेला आणि त्याच्या जागी बाईंना झाडपूस करायला घेतलं. झाडपूस करता करता त्यांनी तीन परीक्षा दिल्या आणि तपासनीस झाल्या. प्रत्येक तपासनिसाला एक पोलादी शिक्का मिळत असे, त्यावर फक्त नंबर. तपासलेल्या वस्तूवर तो ठोकला की पुढं त्या वस्तूचं जे काही होईल त्याची जबाबदारी त्या नंबराची. बाईंचा नंबर सतरा. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्यांना माहेरचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, "माहेरचं नाव बापाचं, डबीर हे नवऱ्याचं. सतरा तेवढं माझं."

आमच्या शेडमध्ये पितळेच्या कड्या येत. त्या पुढं कशावर बसतात हे आम्ही विचारायचं नव्हतं. कडीचं भोक तपासायला गेज असे, म्हणजे एक पोलादी दांडा. त्याचं एक टोक कडीत सहज गेलंच पाहिजे आणि दुसरं जाताच कामा नये. एवढंच काम. मी करू लागले असते तर दुपारपर्यंत मला झोप आली असती. बाई मात्र लेथवर कातून आलेली कडी आधी लोखंडी पाटावर पसरून ठेवत. गरम धातू फुगलेला असतो, तो थंड झाल्याशिवाय मोजायचा नाही, हा नियम सगळ्यांनाच पाठ होता. पाळत फक्त बाई. मग गेज तीनदा घालायचा, दर वेळी कडी थोडी फिरवून. "पहिल्यांदा मोजतो ती आपली घाई असते," त्या म्हणत. "दुसऱ्यांदा आपला गर्व. तिसऱ्यांदा कुठं कडी."

हे खूळ त्या बाजारातही घेऊन जात. एकदा बड्या फुहाऱ्याच्या चौकात मी त्यांच्याबरोबर पोलक्याचं कापड घ्यायला गेले होते. दुकानदारानं कापड मोजलं. बाई म्हणाल्या, "फिर से नापो." त्यानं पुन्हा मोजलं. "फिर से." तिसऱ्यांदा मोजताना त्याचा अंगठा जागेवर राहिला आणि तेच कापड चार बोटं कमी भरलं. दुकानदार म्हणाला, "माँजी, कपड़ा तो वही है." बाई म्हणाल्या, "कपड़ा वही है, भैया. अंगूठा बदल गया." त्यानं मुकाट्यानं चार बोटं कापड वाढवून दिलं. बाईंनी ते घेतलं, आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा कधी चढल्या नाहीत.

डूख धरावा तर डबीरबाईंनी. त्यांच्या क्वार्टरच्या शेजारी एक देवबाई राहत. त्यांनी एका होळीला बाईंच्या पुरणपोळीला चारचौघींत "भाकरी" म्हटलं होतं. बाई तेव्हा हसल्या. पुढच्या होळीला देवबाईंच्या घरी ताट गेलं, त्यात एकच पोळी, इतकी पातळ की खालच्या ताटाची नक्षी दिसावी. निरोप काही नाही. त्याच्या पुढच्या होळीला पुन्हा एक. चौथ्या वर्षी देवबाई स्वतः येऊन म्हणाल्या, "बाई, चुकलं माझं, आता पुरे करा." बाईंनी त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि पाचव्या होळीला पोळी पाठवलीच. बदली होऊन देवबाई नागपूरला गेल्या तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

तर अशा बाईच्या वाटेला बल्लाळसाहेब गेले.

पासष्टची लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, सुट्ट्या बंद झाल्या, एका पाळीत दोन पाळ्यांचं काम निघू लागलं. वरून रोज फोन येत की माल कुठं आहे. बल्लाळसाहेब वाईट माणूस नव्हते, असं त्यांचे लोक अजून म्हणतात. म्हणोत. मी त्यांना रोज आठ तास काचेतून पाहिलं आहे. हुशार, गोड बोलणारा, मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढं उभा राहणारा आणि वरच्याचा फोन आला की उभा राहून बोलणारा माणूस. त्यांनी एक युक्ती काढली. कड्या थंड व्हायची वाट पाहायची नाही, लेथवरून उतरली की लगेच गेज घालायचा. गरम कडीचं भोक मोठं असतं, गेज लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि माल भराभर पास होतो.

बाई एकट्याच नाही म्हणाल्या.

"लढाई आहे, डबीरबाई," साहेब म्हणाले. "कड्या थंड व्हायची वाट पाकिस्तान पाहणार आहे का?"

"पाकिस्तानचं मला माहीत नाही, साहेब. आपला शिपाई तिकडे वाट पाहून राहिला आहे ना. त्याच्या हातात गेल्यावर ही बसली नाही तर?"

"तुमच्या एकटीपायी लॉट अडून राहिलाय."

"अडू द्या. सतरा थंड कडीवरच बसेल."

त्यानंतर आठवड्यानं बाईंना ताप आला आणि त्या दोन दिवस रजेवर गेल्या. रजेवर जाताना शिक्का पेटीत ठेवायचा आणि पेटीची किल्ली साहेबांकडे द्यायची, अशी पद्धत होती. बाईंनी तसंच केलं. त्या दोन दिवसांत साहेबांनी पेटी उघडली, सतरा नंबर दुसऱ्याच्या हातात दिला आणि बाईंच्या वाट्याचा अख्खा लॉट लेथवरून उतरेल तसा गरम गरम पास करून घेतला. लॉटबरोबर एक कार्ड जात असे, त्यावर तपासणीची तारीख. साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सुधा, तारीख चौदा टाक." चौदा तारखेला बाई कामावर होत्या. शिक्का ठोकला गेला तो सोळाला. मला हे दोन्ही माहीत होतं. माझी नोकरी कच्ची होती आणि ती पक्की करायचा कागद त्यांच्याच टेबलावर पडलेला होता. मी चौदा टाईप केली.

महिन्याभरात लॉट परत आला. थंड झाल्यावर कड्या आखडल्या होत्या आणि कशावरही बसत नव्हत्या. चौकशी झाली. शिक्का सतराचा, तारीख बाई हजर असल्याची. बाईंनी सांगितलं की मी यातली एकही कडी पाहिलेली नाही. साहेबांनी मान खाली घालून सांगितलं की या एरवी चांगल्या आहेत, पण लढाईच्या ताणात माणूस चुकतो. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. बाईंचा शिक्का काढून घेतला. भर शेडमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत सतरा आकड्यावर छिन्नी मारून तो मोडला, तसा नियमच होता. बाईंना खालच्या जागेवर टाकलं. काम कोणतं? कड्यांचं तेल रॉकेलनं पुसायचं. पंधरा दिवसांनी माझी नोकरी पक्की झाली.

बाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आठवडाभर त्यांनी खाली मान घालून कड्या पुसल्या. आठव्या दिवशी जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा वाजायला पाच मिनिटं होती, तेव्हा त्या माझ्या टेबलावरून पुढं जाऊन केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. हातात परत आलेल्या लॉटातली एक कडी. साहेबांच्या टेबलावर लाकडी पेटीत एक गेज कायम ठेवलेला असे. बाईंनी तो उचलला, कडीला लावला, तीनदा फिरवून पाहिलं, आणि म्हणाल्या, "जात नाही, साहेब."

मग गेज पुसून जागेवर ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशीही. साहेब आधी हसले, मग म्हणाले, "बाई, समजलं मला. पुरे आता." चौथ्या दिवशीही बाई आल्याच. साहेबांनी त्यांना येऊ नका असं बजावलं, तेव्हा बाईंनी भिंतीकडं बोट केलं. तिथं लढाई सुरू झाल्यावर साहेबांनीच सहीनिशी लावलेली सूचना होती: कोणत्याही कामगाराला कोणत्याही वस्तूबद्दल शंका आल्यास त्यानं जेवणाच्या सुट्टीत ती थेट अधिकाऱ्यापुढं ठेवावी, त्याला कोणी अडवू नये. "मला या कडीबद्दल शंका आहे," बाई म्हणाल्या. साहेबांनी ती सूचना एकदा काढून टाकली. म्हातारा फिटर रामदीन भैया ती कचऱ्यातून काढून घेऊन आला, त्यानं ती पुन्हा चिकटवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहब की सही है, फेंकी थोड़े ही जाती है."

एकदा साहेबांनी चिडून कडी हिसकावली आणि खिडकीतून फेकली. दुसऱ्या दिवशी बाई नवी कडी घेऊन हजर. नाकारलेला अख्खा लॉट मागच्या शेडमध्ये पडून होता, तो त्यांना जन्मभर पुरला असता. साहेबांनी जेवणाची वेळ बदलली, बाईंनीही बदलली. साहेबांनी त्यांना पलीकडच्या शेडमध्ये पाठवलं, तर त्या भर उन्हातून चालत यायच्या, डोक्यावर पदर, हातात कडी. साहेब त्या वेळी मुद्दाम बाहेर जाऊ लागले. गावाबाहेर रिछाईला नवे कारखाने निघत होते, तिथं काहीतरी काम काढायचे. मग बाई रिकाम्या खुर्चीपुढं गेज लावायच्या आणि खुर्चीला सांगायच्या, "जात नाही, साहेब." मी दाराबाहेर बसलेली असायचे. येताजाता त्या माझ्याकडे कधी पाहत नसत. मला वाटायचं, मी त्यांच्या हिशेबात नाहीच. खरं सांगते, बरं वाटायचं.

तिवारी म्हणून नवा लेथवाला आला होता. त्यानं हा प्रकार महिनाभर पाहिला आणि एक दिवस म्हणाला, "दीदी, रोज वही कड़ी, रोज वही गेज. नाप क्या बदल जाएगी?"

बाई म्हणाल्या, "मैं कड़ी को कहाँ नाप रही हूँ, भैया?"

त्या कोणाला मोजत होत्या ते काचेतून मला स्वच्छ दिसत होतं. पहिल्या वर्षी साहेब त्या वेळी पेपर वाचत. दुसऱ्या वर्षी नुसता उघडून धरत. तिसऱ्या वर्षी भोंग्याच्या अर्धा तास आधीपासून त्यांचं लक्ष घड्याळाकडं जायचं. डबा तसाच परत जायचा. चौथ्या वर्षी त्यांना बढती मिळाली, केबिनला पडदे आले, आणि ते पडदे ओढून आत बसले तरी बाईंच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज त्यांना येतच असे. गणपतीच्या आरतीला ते उभे असताना बाई समोरच्या रांगेत येऊन उभ्या राहायच्या. हातात कडी नसायची, काही नसायचं, फक्त उभ्या राहायच्या. साहेबांचं "सुखकर्ता" अर्ध्यात थांबायचं. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

एकदा मी धीर करून बाईंना म्हटलं, "बाई, किती दिवस करणार हो हे? तुमचाच जीव जाईल यात."

"माझा जीव काहून जाईल?" त्या म्हणाल्या. "मी जेवून येते, कडी लावते, कामाला लागते. रात्री छान झोप लागते मला. त्याला विचार, त्याला लागते का."

"पण काय पाहिजे तुम्हांला?"

"त्यानं याच शेडमध्ये, सगळ्यांपुढं सांगावं, की सतरा माझ्या हातात नव्हता. बस. तेवढं सांगितलं की मी नाही येणार."

हे त्या मला सांगत होत्या. मला! मी मान डोलावली आणि मशीनमध्ये कागद घातला.

मग एकाहत्तर आलं. पुन्हा काळे कागद, पुन्हा फोन, पुन्हा माल कुठं आहे. लेथवाले गरम कड्या आणून टाकत आणि तपासनीस पोरं साहेबांच्या तोंडाकडं पाहत. काय सांगू, तेच साहेब, तोच फोन, तीच लढाई, आणि बल्लाळसाहेब केबिनमधून धावत येऊन ओरडले, "थंड होऊ द्या! कोणी हात लावायचा नाही!" मी जाऊन बाईंना सांगितलं. वाटलं, खूश होतील. म्हटलं, बघा, तुमच्या कडीनं त्यांना शिकवलं. बाईंनी चिंध्यांचा बोळा रॉकेलच्या डब्यात आपटला. "मी त्याला शिकवायला जाते का? तो चांगला झाला, तर झाला असेल. माझा सतरा कुठं आहे?"

डिसेंबरातली गोष्ट. थंडी कडाक्याची होती आणि साहेबांच्या केबिनमध्ये विजेचा हीटर लावलेला होता. आदल्या दिवशी बाई नेहमीसारख्या येऊन गेल्या होत्या, पण साहेब म्हणाले होते, "आज कडी इथंच राहू द्या." बाईंनी ठेवली. दुसऱ्या दिवशी साहेब सकाळपासून वेगळेच दिसत होते. डोळे लाल, दाढी अर्धवट. भोंग्याच्या आधी त्यांनी मला सांगितलं, "बाई आल्या की सगळ्यांना इथं बोलाव."

बाई आल्या. माणसं जमली. साहेबांनी रुमालात धरून हीटरवरून कडी उचलली, गेज घातला, आणि तो सर्रकन आत गेला. "गेली!" साहेब ओरडले. "बघा, गेली! सहा वर्षं ही बाई माझं रक्त पिऊन राहिली आहे. गेली की नाही?" गेजसकट कडी हातात उंच धरून ते शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, प्रत्येक तपासनिसाच्या तोंडापुढं नाचवली, आणि परत आले. हसत होते. मला ते हसणं अजून आठवतं.

बाई जागेवरून हलल्या नव्हत्या. साहेब परत आल्यावर त्या म्हणाल्या, "आता काढा, साहेब."

साहेबांनी ओढलं. निघेना. त्यांनी कडी मुठीत धरून गेज पिळला, मग टेबलावर आपटला, मग गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनी ओढला. गार हवेत एवढी फेरी मारून येईस्तोवर पितळ थंड झालं होतं आणि त्यानं पोलादाला करकचून धरलं होतं. रामदीन भैयानं तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "साहब, गरम चढ़ाई, ठंडी होके पकड़ लिया. अब तो काटनी पड़ेगी." त्या दिवसांत गेज खराब होणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. कसा खराब झाला, कोणी केला, का केला, हे त्याच दिवशी लिहून वर पाठवावं लागे. आपण काय केलं हे साहेबांच्या तेव्हा लक्षात आलं असावं, कारण ते हळूच खुर्चीत बसले.

बाईंनी आवाज चढवला नाही. "गरम होती म्हणून गेली. तेव्हाही गरमच होत्या ना, साहेब?"

"हो."

"शिक्का कोणाच्या हातात होता?"

"मी पेटीतून काढून दिला."

"मी कुठं होते?"

"तुम्ही रजेवर होता."

"मग कार्डावर चौदा तारीख कशी आली?"

साहेबांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. दाराच्या चौकटीला धरून मी उभी होते. मग ते म्हणाले, "तारीख मी बदलली."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आयुष्यभर ज्या माणसावर मी दात ओठ खाल्ले, त्यानं मला वाचवलं. का वाचवलं ते मला कधी कळलं नाही, आणि त्याबद्दलही माझा त्यांच्यावर रागच आहे. मी तेव्हाही गप्प राहिले. गेजचा कबुलीजबाब त्यांनी सांगितला आणि मी तो टाईप केला, शब्दन् शब्द, एकही चूक न करता.

पुन्हा चौकशी झाली. साहेबांना खालच्या पदावर उतरवून दुसऱ्या गावी पाठवलं. जायच्या दिवशी ते बाईंच्या टेबलापाशी येऊन हात जोडून उभे राहिले. बाईंना नवा शिक्का मिळाला होता, सतरा नंबरचाच. समोर कड्यांचं तबक होतं. "थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी ते अख्खं तबक तपासलं, प्रत्येक कडी तीनदा, प्रत्येकीवर सतरा ठोकला. पाऊण तास साहेब उभे होते. शेवटच्या कडीवर हातोडी पडल्यावर बाई म्हणाल्या, "जा आता." साहेब गेले. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी शिरा केला.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

भांडण नाही, शब्द नाही. सकाळी त्या माझ्या टेबलावरून जात, मी उठून म्हणे, "नमस्कार, बाई." त्या पुढं जात. मी ठरवलं, आपणही सोडायचं नाही. रोज सकाळी उठून उभी राहायचे आणि म्हणायचे, "नमस्कार, बाई." उन्हाळ्यात, पावसाळ्यात, त्यांची बढती झाली तेव्हा, माझं लग्न झालं तेव्हा, मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा. एवढी वर्षं एखाद्या दगडाला नमस्कार केला असता तर तोही ओशाळला असता. त्यांच्या निरोपसमारंभात सगळ्यांनी हार घातले, त्यांनी सगळ्यांचे घेतले. माझी पाळी आली तेव्हा त्या चष्मा पुसायला लागल्या, आणि माझ्या मागच्यानं हार पुढं केला. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. म्हटलं, मर म्हातारे, तुझं काय एवढं घोडं मारलं मी!

शेवटचं त्यांना पाहिलं ते जबलपुरातल्याच गोरखपूरच्या बाजारात. मीही तोवर पन्नाशीला टेकले होते. सायकलरिक्षात बाई बसलेल्या, खूप वाळलेल्या, मांडीवर औषधांची पिशवी. गर्दीत रिक्षा अडली ती नेमकी माझ्यासमोर. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार, बाई." त्यांनी समोर पाहिलं. आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी रिक्षाच्या दांडीला धरलं आणि म्हणाले, "बाई, ती चौदा तारीख मी टाईप केली होती."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशीनचा चारचा आकडा ओळीच्या वर उडायचा. चौकशीत कार्ड हातात दिलं, तेव्हाच पाहिलं मी."

"पहिल्याच दिवशी? मग बोलल्या काहून नाही?"

"दोघं होता तुम्ही. मी रोज त्याच्याकडे जात होते, तर तुझ्याच टेबलावरून जात होते ना? तो सहा वर्षांत बोलला. तुला सव्वीस लागली."

"मी रोज नमस्कार करत होते, बाई."

"नमस्कार कोणी मागितला होता तुला?"

मागून हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "आता तरी सांगितलं ना मी?"

"इथं?" त्यांनी बाजारावरून नजर फिरवली. केळीवाला, औषधाचं दुकान, कोणाला आमच्याशी देणंघेणं नव्हतं. "त्यानं शेडमध्ये सांगितलं, सुधा, सगळ्यांपुढं."

मग त्यांनी माझा हात दांडीवरून काढला, पिशवी सावरली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया."